लिबपीएनजीचे नमुना प्रोग्राम: तीन फायली, तीन निरनिराळ्या एरर

प्रश्न

नमस्कार मंडळी,

एका छोट्या ६४ बिट एआरएम बोर्डाला कॅमेरा जोडलेला आहे. त्यातून येणाऱ्या १६ बिटांच्या करड्या प्रतिमा मला सी भाषेतून वाचायच्या आहेत. बघायच्या नाहीत, मोजायच्या आहेत. अमुक ओळीतल्या अमुक पिक्सेलचा आकडा किती, एवढंच मला हवंय. प्रतिमा पीएनजी आहेत म्हणून लिबपीएनजी, म्हणजे पीएनजी फायली वाचणारी-लिहिणारी सी लायब्ररी, शिकायला घेतली. सी मला येते, पण दुसऱ्या कुणाची लायब्ररी सोर्सपासून बांधायची वेळ पहिल्यांदाच आली आहे. बोर्ड नेटला जोडायची परवानगी नाही, त्यामुळे तयार पॅकेज टाकता येत नाही. १.६ मालिकेचा सोर्स पेनड्राइव्हवरून नेला, तिला लागणारी झेडलिब (डेटा दाबणारी-उलगडणारी लायब्ररी) बोर्डावर आधीच होती. एरर कॉपी करता येत नाहीत, तिथल्या स्क्रीनवर बघून इथे उतरवते आहे, तेव्हा कमांडी आणि नावं उच्चाराप्रमाणे वाचा.

सुरुवात एक्झाम्पल.सी पासून केली. आधी 'पीएनजीलिबकॉन्फ.एच सापडत नाही' अशी एरर आली. शोधलं तर त्या नावाची फाइल सोर्समध्ये नाहीच. स्क्रिप्ट्स फोल्डरात शेवटी 'प्रीबिल्ट' लावलेली एक फाइल मिळाली, तिचं नाव बदलून ती वर आणली. ती एरर गेली, पण मग न जाहीर केलेल्या व्हेरिएबलांची रांगच लागली.

दुसरा प्रोग्राम एका सहकाऱ्याने दिला. त्याच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये २००३ साल आहे. त्यात सेटजंपच्या ओळीवर पीएनजी_पीटीआर मधलं जेएमपीबफ वाचलंय आणि पुढे इन्फो_पीटीआर मधलं विड्थ. दोन्हीकडे कंपायलर म्हणतो, टाइप अपुरा आहे. सोर्समध्ये पीएनजीस्ट्रक्ट.एच आणि पीएनजीइन्फो.एच दिसल्या, त्या जोडल्या. विड्थची तक्रार मिटली, जेएमपीबफवर मात्र आता 'या नावाचा मेंबर नाही' असं येतंय. पीएनजीस्ट्रक्ट.एच मध्ये आणखी एखादी ओळ घालून हे भागेल का?

तिसरा प्रोग्राम माझाच, जेमतेम वीस ओळींचा. एक्झाम्पल आणि पीएनजीटेस्ट वगळून सोर्समधल्या बाकीच्या १५ सी फायली हाताने कंपाइल केल्या आणि त्याला जोडल्या. लिंकर म्हणतो, पीएनजी_इनिट_फिल्टर_फंक्शन्स_निऑन सापडत नाही. या नावाचं मी काहीही बोलावलेलं नाही.

तीन दिवस गेलेत. कुठून धरू ते सांगा.

प्रतिसाद १

एक्झाम्पल.सी उघडून वरची कॉमेंट वाचा. ही फाइल आहे तशी कंपाइल होत नाही, प्रतिमेसाठी मेमरी घेण्यासारखे भाग तुम्ही भरायचे आहेत, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तो चालवायचा प्रोग्राम नाही, तुकड्यांचा साठा आहे. चालणारा नमुना हवा तर पीएनजीटेस्ट.सी किंवा कॉन्ट्रिब फोल्डर बघा, हेही त्याच कॉमेंटमध्ये आहे.

प्रतिसाद २

ताई, लिबपीएनजीशी माझा संबंध १.२ च्या काळापासूनचा. तुम्ही एररचे शब्द जसेच्या तसे दिलेत, म्हणून नेमकं सांगता येतंय.

आधी हे बघा की तुमच्या तक्रारी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येताहेत. हेडर सापडत नाही ही तक्रार कोड नीट वाचायलाही घेतलेला नसताना येते. अपुरा टाइप ही कंपायलरची. निऑनची लिंकरची, म्हणजे तोवर तुमचा कोड बिनतक्रार कंपाइल झालेला असतो. लिंकर ओरडत असताना हेडरांशी झटापट करून काही हाती लागत नाही.

निऑनचं कारण सरळ आहे. निऑन म्हणजे एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या एआरएम प्रोसेसरच्या खास सूचना. ६४ बिट एआरएमवर कंपायलर 'माझ्याकडे निऑन आहे' असं जाहीर करतो. लिबपीएनजीचं हेडर ते ऐकतं आणि ठरवतं की ओळींचे फिल्टर उलगडायला वेगवान निऑन कोड वापरायचा. तो कोड आर्म नावाच्या उपफोल्डरात आहे आणि तुमच्या १५ फायलींत तो नव्हता. पीएनजी_आर्म_निऑन_ऑप्ट हा मॅक्रो शून्य करून सगळ्या फायली पुन्हा कंपाइल केल्यात तर एरर जाईल. पण मी म्हणेन, हाताने बांधणं सोडाच. सोर्स नव्याने उलगडा, म्हणजे तुम्ही नाव बदलून ठेवलेली फाइल आड यायची नाही. त्यात कॉन्फिगर चालवा, शेअर्ड लायब्ररी नको असा पर्याय द्या, मग मेक, मग मेक चेक. पीएनजीलिबकॉन्फ.एच याच वेळी तयार होते, ती सोर्सबरोबर येत नाही ती त्यामुळेच. मेक चेकमध्ये पीएनजीटेस्ट धावतो: पीएनजीटेस्ट.पीएनजी वाचतो, पीएनजीआउट.पीएनजी लिहितो आणि दोन्ही ताडून बघतो. 'लिबपीएनजी पासेस टेस्ट' ही ओळ दिसेपर्यंत एकाही नमुन्याला हात लावू नका. लायब्ररीच धड बांधलेली नसेल तर नमुन्यातल्या प्रत्येक एररवर तुम्हाला संशय येत राहील.

नमुना लिंक करताना क्रम सांभाळा. आधी तुमची सी फाइल, मग लिब्ज या लपलेल्या फोल्डरातली लिबपीएनजी१६.ए, मग झेडलिब, शेवटी गणिताची लायब्ररी. लिंकर अशा लायब्रऱ्या डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्या क्षणापर्यंत ज्याची मागणी आली आहे तेवढंच उचलतो. झेडलिब आधी आली तर तिच्यातलं इन्फ्लेट हे फंक्शन अजून कुणी मागितलेलंच नसतं, तो पुढे निघून जातो आणि मागाहून 'इन्फ्लेट सापडत नाही, सीआरसी३२ सापडत नाही' म्हणून अडतो. पॉव सापडत नाही असं आलं तर गणिताची लायब्ररी राहिली असं समजा.

आता तुमचा २००३ चा प्रोग्राम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुम्ही धरलेली वाट धोक्याची आहे.

त्या काळात पीएनजी_स्ट्रक्ट आणि पीएनजी_इन्फो ही दोन्ही स्ट्रक्चर उघडी होती. कुणीही बाण लावून आतलं फील्ड वाचायचा, लिहायचाही. २०१० च्या १.४ मध्ये बरीच जुनी फंक्शनं काढली गेली आणि २०११ च्या १.५ पासून ही स्ट्रक्चर वापरणाऱ्यांसाठी बंद झाली. पीएनजी.एच मध्ये आता फक्त नाव आहे, आतला मजकूर नाही. 'अपुरा टाइप' तो हाच. पीएनजीस्ट्रक्ट.एच आणि पीएनजीइन्फो.एच ही लायब्ररीची आतली हेडरं आहेत. ती जोडलीत की तुमचा प्रोग्राम त्या एका आवृत्तीतल्या फील्डांच्या जागांना बांधला जातो. पुढे लायब्ररी बदलली आणि मध्ये एखादं फील्ड वाढलं की तुमचा प्रोग्राम जुन्या जागेवरून भलतंच काही वाचतो. कंपायलर गप्प, लिंकर गप्प, आकडा मात्र खोटा.

हे मी भोगलेलं आहे. एका कामात मी असंच आतलं हेडर जोडून घाईने वेळ मारून नेली. माझ्या मशीनवर सगळं सुरळीत होतं. काही महिन्यांनी त्यांच्या मशीनवर लायब्ररीची आवृत्ती बदलली आणि प्रतिमांचे रंग बिघडले, सगळ्यांचे नाही, फक्त पॅलेट असलेल्या प्रतिमांचे. चार रात्री मी पॅलेटचा कोड तपासत होतो. दोष होता वर, इन्क्लूडच्या एका ओळीत. तुम्हाला तर मोजमाप करायचंय. डोळ्यांना खटकणार नाही असा चुकीचा आकडा तुमच्या कामात शिरला तर तो सापडणारही नाही. तेव्हा पीएनजीस्ट्रक्ट.एच मध्ये ओळ घालणं सोडून द्या आणि ती दोन्ही इन्क्लूड आजच काढा. लायब्ररीला हात लावायचा नाही, नमुना दुरुस्त करायचा.

दुरुस्ती फार नाही. सेटजंपला आता पीएनजी_जेएमपीबफ या मॅक्रोमध्ये पीएनजी_पीटीआर घालून द्यायचं. विड्थ हवी तिथे पीएनजी_गेट_इमेज_विड्थ, बिट किती ते पीएनजी_गेट_बिट_डेप्थ, ओळीचे बाइट पीएनजी_गेट_रोबाइट्स. या सगळ्यांना पीएनजी_पीटीआर आणि इन्फो_पीटीआर दोन्ही लागतात. करड्या प्रतिमांचं पीएनजी_सेट_ग्रे_१_२_४_टू_८ गेलं, त्याच्या नावात सेटनंतर 'एक्सपांड' आलं. झेडलिबचे कॉन्स्टंट वापरले असतील तर झेडलिब.एच आता स्वतः जोडावी लागते, १.५ पासून पीएनजी.एच ती आणत नाही.

पीएनजी_चेक_सिग असेल तर मात्र डोळ्यात तेल घालून बदला. त्याच्या जागी पीएनजी_सिग_सीएमपी वापरतात, पण अर्थ उलटा आहे. जुनं फंक्शन सही, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचे ओळखीचे बाइट, जुळली की खरं म्हणायचं, हे जुळली की शून्य देतं. नाव बदलून कंपायलर मागतो तो एक जादा आर्ग्युमेंट (कुठून सुरुवात करायची) घातलात, पण अट उलटवली नाहीत, तर प्रोग्राम छान कंपाइल होईल आणि प्रत्येक धडधाकट पीएनजी नाकारेल.

नमुने कोणते घ्यायचे? कॉन्ट्रिबमधल्या एक्झाम्पल्स फोल्डरातला पीएनजीटूपीएनजी.सी आधी. १.६ मध्ये, म्हणजे २०१३ मध्ये आलेल्या सोप्या फंक्शनांवर तो लिहिलाय. फाइल उघडा, स्वरूप ठरवा, वाचा, लिहा, झालं. त्यात फॉरमॅटच्या ओळीवर 'हे बदलून निरनिराळी स्वरूपं करून पाहा' अशी सूचनाच आहे. तुमची जुळणी बरोबर झाली की नाही हे तपासायला यासारखा नमुना नाही. पण मोजमापाला तो वापरू नका. त्यातलं आरजीबीए स्वरूप ८ बिटांचं आहे, तुमचे १६ बिट त्यात उतरत नाहीत. शेजारचा पीएनजीपिक्सेल.सी हा तुमचा खरा नमुना. त्याला एक्स, वाय आणि फाइलचं नाव द्या, तो त्या पिक्सेलची फाइलमधली मूळ किंमत छापतो. ग्रेगबुक फोल्डरातले आरपीएनजी-एक्स वगैरे एक्स११ (युनिक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) मागतात, बोर्डावर ते नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. दोन्ही इन्क्लूड काढल्या. सोर्स नव्याने उलगडून कॉन्फिगर, मेक, मेक चेक केलं आणि 'पासेस टेस्ट' दिसलं. पीएनजीटूपीएनजी तुम्ही सांगितलेल्या क्रमाने पहिल्याच फटक्यात लिंक झाला. जुन्या प्रोग्राममध्ये पीएनजी_चेक_सिग होतंच. इशारा नसता तर मी अट न उलटवताच नाव बदललं असतं.

आता दोन नव्या अडचणी, कंपाइलच्या नाहीत.

चाचणीसाठी सहकाऱ्याने एक प्रतिमा रिपॉझिटरीत ठेवली होती. तिच्यावर पीएनजीपिक्सेल म्हणतो, 'पीएनजी फाइल करप्टेड बाय अ‍ॅस्की कन्व्हर्जन'. मी तर काहीच कन्व्हर्ट केलेलं नाही.

दुसरी: कॅमेऱ्याची स्वतःची प्रतिमा वाचली जाते. भिंगावर झाकण लावून काढली होती, म्हणजे आकडे अगदी लहान यायला हवेत. पीएनजीपिक्सेल एका ठिकाणी ३ सांगतो, माझा दुरुस्त केलेला प्रोग्राम त्याच ठिकाणी ७६८. शेजारी तो ५ म्हणतो, माझा १२८०.

प्रतिसाद ३

पहिल्या अडचणीबद्दल सांगतो. बोर्डावर ओडी कमांडने त्या फाइलचे पहिले आठ बाइट दशमान पद्धतीत छापा. पीएनजीची सही अशी असते: १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०.

हे आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. १३७ मध्ये सगळ्यात वरचा बिट लागलेला आहे, म्हणजे ७ बिटांच्या वाटेने फाइल गेली तर ते लगेच कळतं. ८० ७८ ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. पुढची १३-१० ची जोडी डॉस पद्धतीची ओळसमाप्ती, २६ म्हणजे डॉसचं फाइल संपल्याचं चिन्ह आणि शेवटचा एकटा १० युनिक्सची ओळसमाप्ती. वाटेत कुणी फाइलला मजकूर समजून ओळींचे शेवट बदलले तर पहिला बळी या जोडीचा जातो. लिबपीएनजी पहिले चार बाइट जुळतात का ते बघते. तेही जुळले नाहीत तर 'ही पीएनजी नाही' म्हणते. ते जुळले पण पुढचे बिघडले, तर तुम्हाला आलेली एरर देते.

रिपॉझिटरीत गिटअ‍ॅट्रिब्यूट्स नावाची, गिटने कुठली फाइल कशी हाताळायची ते सांगणारी फाइल असेल आणि तिच्यात सगळ्याच फायलींना 'टेक्स्ट' ठरवलं असेल तर नेमकं हेच होतं. पीएनजी फायलींना 'बायनरी' म्हणून वेगळी ओळ घाला आणि प्रतिमा मूळ ठिकाणाहून पुन्हा टाका. बिघडलेली प्रत दुरुस्त करत बसू नका. सहीतला बाइट परत घालता येईल, पण आत दाबलेल्या डेटात ही जोडी आणखी कुठेकुठे होती ते कळायला मार्ग नाही.

आणि हाच कोड पुढेमागे विंडोजवर नेलात तर एफओपनला 'आरबी' द्या. तिथे नुसत्या 'आर'ने उघडलं की १३-१० चा १० होतो, लगेच २६ भेटतो आणि फाइल संपली असं धरलं जातं. आठपैकी पाचच बाइट हातात येतात आणि 'रीड एरर' मिळते.

प्रतिसाद २ कडून पुन्हा

७६८ म्हणजे ३ गुणिले २५६, १२८० म्हणजे ५ गुणिले २५६. सगळे आकडे २५६ च्या पटीत आले की बाइटांची उलटापालट झाली असं समजायचं. पीएनजीमध्ये १६ बिटांच्या किमतीचा मोठा बाइट आधी असतो. तुमचा बोर्ड लहान बाइट आधी मानतो. तुम्ही ओळीचा पॉइंटर सरळ १६ बिटांच्या इंटिजर पॉइंटरमध्ये बदलून वाचत असणार.

पीएनजी_सेट_स्वॅप वापरता येईल. ते पीएनजी_रीड_अपडेट_इन्फोच्या आधी बोलवायचं आणि फक्त अशाच मशीनवर. मला दुसरा मार्ग आवडतो. पीएनजीपिक्सेल.सी मध्ये कंपोनंट नावाचं फंक्शन आहे, त्यातली १६ बिटांची ओळ बघा. पहिला बाइट आठ घरं डावीकडे सरकवायचा आणि त्यात दुसरा मिळवायचा. बस. कुठल्याही मशीनवर हे बरोबरच येतं, आणि सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला काय चाललंय ते तिथल्या तिथे दिसतं.

आता तुम्ही न विचारलेलं एक. ऑप्टिमायझेशन चालू करून, सगळे इशारे मागून कंपाइल करा. ओळीच्या बफरच्या पॉइंटरवर 'लाँगजंपमुळे बिघडू शकतो' असा इशारा येईल असा माझा अंदाज आहे. तो दुर्लक्ष करण्यातला नाही. लिबपीएनजीला फाइलच्या मध्यात दोष सापडला की ती थेट तुमच्या सेटजंपच्या ओळीवर उडी मारते. सेटजंपनंतर ज्या लोकल व्हेरिएबलची किंमत बदलली, ती कंपायलरने रजिस्टरमध्ये ठेवली असेल तर उडीनंतर तिथे काय असेल याची खात्री सी भाषा देत नाही. मॅलॉकने घेतलेला पॉइंटर तिथे पुन्हा नल दिसू शकतो, मग मेमरी गळते. किंवा कचरा दिसतो आणि फ्री करताना प्रोग्राम कोसळतो. धड फायलींवर हे कधीच घडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लपून राहतं. पॉइंटर व्होलटाइल करा, म्हणजे तारा आणि नाव यांच्या मध्ये तो शब्द यायला हवा. ताऱ्याआधी लिहिलात तर पॉइंटर नव्हे, तो ज्याकडे बोट दाखवतो ते व्होलटाइल होतं. किंवा व्हेरिएबल सेटजंपच्या आधीच भरा आणि नंतर बदलू नका.

सहकाऱ्याची बिघडलेली प्रतिमा फेकू नका. चुकीच्या फाइलवर प्रोग्राम नीट बाहेर पडतो की नाही हे बघायला तीच कामाची आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

ओडीने आलेले आकडे: १३७ ८० ७८ ७१ १० २६ १०, आणि आठवा बाइट शून्य. १३ गायब. गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एकच ओळ होती, ताऱ्यापुढे 'टेक्स्ट'. सहकाऱ्याला दाखवलं, त्याने बायनरीची ओळ घालून प्रतिमा परत टाकली आणि ती वाचली जाते आहे.

बाइट सरकवून जोडल्यावर झाकण लावलेल्या प्रतिमेचे शंभर पिक्सेल पीएनजीपिक्सेलशी ताडून पाहिले, शंभरही जुळले. लाँगजंपचा इशारा तुम्ही म्हणालात त्याच पॉइंटरवर आला. तारा आणि नाव यांच्या मध्ये व्होलटाइल घातलं. बिघडलेली प्रतिमा मेक चेकनंतर आपोआप चालणाऱ्या माझ्या चाचणीत ठेवली आहे. प्रोग्राम एरर छापतो, मेमरी सोडतो आणि १ देऊन बाहेर पडतो.

जुन्या प्रोग्रामच्या डोक्यावर, २००३ च्या कॉमेंटखाली, काय काय बदललं ते लिहून फाइल सहकाऱ्याला परत दिली. त्याच्याकडे तशा आणखी अकरा आहेत.